नाकोला जेवा, ताबोला झोपा

नमस्कार ताई,

आम्ही शाळेपासूनचे पाच मित्र, सगळे पंचेचाळिशीला टेकलेले. २० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर अशी १२ दिवसांची रजा जुळवून पुण्याहून गाड्या घेऊन हिमाचलातल्या स्पितीला जायचं चाललंय. पाच गाड्या, १३ माणसं. त्यात ९ आणि १२ वर्षांची दोन मुलं, माझी ६६ वर्षांची आई (बीपीची गोळी चालू आहे) आणि न्यू जर्सीहून येणारा चुलतभाऊ. गाड्या म्हणाल तर दोन थार, एक जिम्नी, एक स्कॉर्पिओ आणि एक क्रेटा. थारवाल्या एका मित्राने विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), स्नॉर्कल (पाण्यातून जाताना इंजिनाला हवा देणारी नळी), छतावरचा तंबू असं बरंच काही लावून घेतलंय. त्याचं म्हणणं, क्रेटा आणायचीच नाही, ती सगळ्यांना अडकवेल. क्रेटावाला माझा बालवाडीपासूनचा दोस्त आहे आणि त्याला हे सांगायचं काम माझ्यावर आलंय. चंद्रतालच्या काठावर स्वतःचे तंबू लावायचे, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. सामानाची एक्सेल शीट ८४ ओळींवर गेलीय, ग्रुपवर दिवसाला दोनशे मेसेज पडतात आणि मुक्काम एकही ठरलेला नाही. सुरुवात कुठून करू?

– दोन थारींमध्ये चेंगरलेला, चिंचवड

चिंचवडकर, नमस्कार.

एक्सेल शीट बंद करा आणि भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा. तुमची अडचण क्रेटा नाहीच, ते १२ दिवस आहेत.

पुणे ते चंदीगड साडेसोळाशे किलोमीटरच्या वर आहे. ग्रुपवर कुणीतरी "दोन दिवसांत मारू" असं लिहिलं असणार. मारता येतं, पण दुसऱ्या रात्री अंबाल्याच्या आसपास डोळे मिटायला लागतात आणि डोंगर तर पुढे उभाच असतो. मुलं आणि आई गाडीत असताना जायला तीन दिवस धरा, यायला तीन. उरले सहा. सहा दिवसांत सिमल्याकडून किन्नौर, स्पिती आणि कुंझुम खिंडीवरून मनाली हा फेरा करणारे आहेत. घरी आल्यावर ते फक्त रस्त्याचं आणि डोकेदुखीचं वर्णन करतात.

म्हणून माझा पहिला सल्ला: गाड्या आणि माणसं वेगवेगळी पाठवा. प्रत्येक गाडीत दोन चालवणारे, ते १७ तारखेला निघतील. बाकीचे १९ला संध्याकाळपर्यंत विमानाने किंवा रेल्वेने चंदीगडला. २० ते २९ हे दहा दिवस डोंगराला. ३०ला मंडळी परत उडतील, चालक २ ऑक्टोबरला घरी. चालकांना चार दिवस जास्तीचे लागतील, त्यातला २ ऑक्टोबर सुटीचाच आहे. ज्यांना एवढी रजा मिळत नाही, त्यांनी या वर्षी गाडी न आणता माणूस म्हणून यावं. (मुलांच्या शाळेचं तुम्ही बघा. सहामाहीच्या वेळापत्रकावर सल्ला द्यायचं धाडस या सदरात मी करत नाही.)

आता दहा दिवस कसे वापरायचे. इथे गाडीची ताकद बघायची नसते, झोपायची उंची बघायची असते. साधारण ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपेची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं या विषयातले डॉक्टर सांगतात. दिवसा वर जाऊन आलात तर चालतं. रात्री कुठे पाठ टेकता, त्याचा हिशेब.

म्हणून उलट बाजूने, मनालीकडून आत शिरू नका. मनाली २,००० मीटरच्या आसपास, चंद्रताल ४,२५०. अटल बोगदा २०२०मध्ये सुरू झाल्यापासून हे अंतर एका दिवसाचं झालंय, आणि नेमका तोच त्याचा धोका आहे. तुम्ही सिमल्याकडून जा. पहिली रात्र नारकंडा, २,७०० मीटर. दुसरी आणि तिसरी कल्पाला, २,९६० मीटर. समोर किन्नर कैलास, खाली सफरचंदाच्या बागा, आणि सप्टेंबरात तोडणीचे दिवस. तिथे एक अख्खा दिवस काहीही न करता बसा. "काहीही न करता" हे ग्रुपवर ठळक अक्षरात लिहा, नाहीतर कुणीतरी त्या दिवसात सांगला कोंबेल.

चौथ्या दिवशी बरेच जण कल्पाहून नाकोला जाऊन झोपतात. तळं सुंदर आहे, गाव सुंदर आहे, पण नाको ३,६६० मीटरवर, म्हणजे एका रात्रीत ७०० मीटरची उडी. त्यापेक्षा पहाटे निघा, नाकोला जेवा आणि पुढे उतरून ताबोला झोपा. ताबो ३,२८० मीटरवर आहे. दिवस लांबतो, कल्पापासून दीडशेच्या वर किलोमीटर पडतात, पण सकाळी आईचं डोकं हलकं असतं. शिवाय ताबोचा मठ इसवी सन ९९६चा. आत भिंतींवर हजार वर्षांची चित्रं आहेत, फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे माणसं चक्क बघतात.

पाचव्या दिवशी काझा, साधारण ३,६५० मीटर, तीन रात्री. एक दिवस लांगझा, हिक्किम, कोमिक. ही गावं ४,४०० मीटर आणि त्याहून वर आहेत, जायचं आणि झोपायला खाली यायचं. एक दिवस मोकळा. तो मोकळाच ठेवा, रस्ता बंद झाला की तोच कामाला येतो. आठव्या दिवशी कुंझुम ओलांडून चंद्रताल, नवव्या दिवशी मनाली, दहाव्या दिवशी चंदीगड.

आता चंद्रतालचं एकमत मोडते. काठावर तंबू लावता येत नाही. तो तलाव २००५पासून रामसर यादीत, म्हणजे जपायच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. राहायची सोय काही किलोमीटर अलीकडच्या तळांवर असते, गाडीही काठापर्यंत जात नाही, शेवटचा तुकडा चालायचा. सप्टेंबरच्या शेवटी रात्री पारा शून्याच्या खाली जातो. तिथे तळावरचेच तंबू आणि त्यांच्याच रजया घ्या. तुमच्या तंबूंची हौस लांगझात भागवा, पण ती मुक्कामाच्या रात्री नको. दुपारी कुणाच्या घराजवळ विचारून लावा, चहा करा, उठा. खरी रात्र काढायचीच असेल तर ताबोला, किंवा कल्पाला बागेच्या मालकाला विचारून. नदीच्या पात्रात मात्र कधीही नाही, पाणी कितीही लांब दिसलं तरी. सतलजवर आणि बियासवर वीजप्रकल्प आहेत, वरून पाणी कधी सुटेल ते खाली बसलेल्याला कळत नाही. जून २०१४मध्ये लारजी धरणाच्या खाली हैदराबादची २४ मुलं अशीच वाहून गेली. ती फोटो काढत होती.

आणि "ऑफरोड" या शब्दाबद्दल. स्पितीत रस्ता सोडून गाडी घालायची जागा नाही. जे मोकळं माळरान दिसतं ते कुणाचं तरी कुरण असतं, आणि त्या कोरड्या थंड मातीत टायरचा ओरखडा वर्षानुवर्षं राहतो. तुम्हाला हवा तेवढा धक्का कुंझुमवरून जाणारा लोसर ते ग्राम्फू हा रस्ताच देईल. दगड, वाळू आणि रस्त्यावरून वाहणारे नाले.

तर क्रेटा. काझापर्यंत तिला काहीही अडचण नाही. त्या वाटेने रोज सरकारी बस जाते, खचाखच भरून. प्रश्न पुढच्या पट्ट्याचा. क्रेटाच्या पोटाखाली १९० मिलिमीटर जागा आहे, चारचाकी ताकद नाही. कोरड्या दिवसात हळू चालवली, दगड बघून चाक टाकलं, तर ती निघते. पाणी चढलेलं असेल तर तिने जाऊ नये. ही गोष्ट नाल्याच्या काठावर, दहा माणसं ओरडत असताना ठरवायची नसते. ती चिंचवडला ठरवायची. लेखी. उदाहरणार्थ असं: प्रत्येक नाल्यात आधी एक माणूस काठी घेऊन चालत जाईल. पाणी क्रेटाच्या चाकाच्या मध्याच्या वर असेल तर क्रेटा थांबेल, पलीकडून दोरी बांधून ओढायचं नाटक होणार नाही. लोसरला दुपारी बारापर्यंत पोचलो नाही तर कुंझुम त्या दिवशी नाही. आणि काझालाच हवामान बिघडलेलं दिसलं तर सगळ्याच गाड्या आल्या वाटेने परत, एकटी क्रेटा नाही.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, भांडण तिथेच होणार आहे. जुलै २०२३मध्ये अचानक झालेल्या बर्फाने आणि दरडींनी चंद्रतालला जवळपास ३०० पर्यटक काही दिवस अडकले होते, काहींना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. त्यांच्यातही विंचवाले असतीलच. विंच रस्ता तयार करत नाही.

नाल्यांची एक गोष्ट लक्षात ठेवा: ते बर्फाच्या पाण्याचे आहेत. सकाळी पाणी कमी, ऊन चढलं की वाढतं. सकाळी आठला घोट्याएवढा असलेला नाला दुपारी तीनला गुडघ्याला लागतो. म्हणून चंद्रतालहून मनालीला निघताना कुणाच्या आंघोळीसाठी थांबू नका. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा सेल मारायचा नाही, एकदाही नाही. इंजिनात पाणी गेलेलं असताना सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वेगळं इंजिन-संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा त्याचे पैसे देत नाही. निघण्यापूर्वी पाचही पॉलिसी उघडून बघा. हे कंटाळवाणं काम तुमच्या भाचे-पुतण्यांपैकी कुणाला द्या.

थारवाल्या मित्राला सगळ्यात मागे ठेवा. त्याला वाटेल ही शिक्षा आहे. तसं नाही, पाच गाड्यांत सोडवायची अवजारं ज्याच्याकडे असतात तो शेवटी असतो, कारण पुढे गेलेली गाडी या रस्त्यांवर मागे वळवता येत नाही. पुढे जिम्नी, तिच्यामागे क्रेटा, म्हणजे क्रेटाला समोरच्याची चाकं कुठे पडतात ते दिसतं. आणि नियम एकच: मागची गाडी आरशात दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली की थांबा, ती दिसेपर्यंत. हा नियम पाळला तर वॉकीटॉकीवाचूनही ताफा फुटत नाही. वॉकीटॉकी घ्यायचेच तर ४४६ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे घ्या, त्यांना परवाना लागत नाही. न्यू जर्सीच्या भावाला मात्र आजच कळवा, तिकडून सॅटेलाइट मेसेंजर आणू नकोस. आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावरच धरतात. त्याच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, किन्नौर ते स्पितीच्या सीमेलगतच्या पट्ट्यासाठी त्याला परवाना लागेल. तो कल्पाच्या खालीच, रेकाँग पिओला मिळतो. कल्पाचा रिकामा दिवस म्हटलं ना, तो त्याला तरी रिकामा नाही.

आई. आधी तिच्या डॉक्टरांकडे न्या, बीपीच्या गोळ्या, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स, सगळं त्यांना विचारून. काझापर्यंत तिला नेण्यात मला काही गैर वाटत नाही, चढण सावकाश आहे. पण चंद्रतालला झोपवू नका. तिथून काही झालं तर एका बाजूला कुंझुम आणि दुसऱ्या बाजूला तो दगडांचा रस्ता, मधे दवाखाना नाही. तिची गाडी आठव्या दिवशी पहाटे काझाहून निघून थेट मनालीला जाऊ दे. कुंझुम ४,५५१ मीटरवर आहे, पण ओलांडायचा आहे, मुक्काम करायचा नाही. ती गाडी स्कॉर्पिओ असावी आणि चालवणारे तुम्ही. होय, चंद्रताल तुमचं हुकेल. आणि एकटी गाडी या पट्ट्यात घालायची नाही. तेव्हा आणखी एक गाडी तुमच्यासोबत लागेल, ती कुणाची हे आत्ताच ठरवा.

डोकं दुखणं, भूक मरणं, झोप न लागणं हे तिकडे बऱ्याच जणांना होतं. थांबा, पाणी प्या, वर चढू नका. पण कुणी सरळ रेषेत चालताना तोल जाऊ लागला, बडबड विसंगत झाली, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र आहे की पहाट आहे हे बघायचं नाही, खाली उतरायचं. मुलं त्रास सांगत नाहीत, चिडचिड करतात. त्यांच्याकडे बघा.

आता त्या ८४ ओळी. पाच गाड्यांना पाच जॅक आणि पाच स्टेपन्या लागतात. पाच कॉम्प्रेसर, पाच फावडी आणि पाच कॉफी मशीन लागत नाहीत. पंक्चर किट दोन, हवेचा पंप दोन, ओढायचा दोर एक चांगला आणि तो अडकवायला डी-शॅकल, म्हणजे इंग्रजी डी-आकाराची लोखंडी कडी. दोर गाडीच्या हुकालाच लावायचा, ट्रेलरच्या गोळ्याला किंवा बंपरला नाही. ताणलेल्या दोराच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही आणि दोरावर एक जाड ओलं पांघरूण टाकायचं, तुटला तर तो चाबकासारखा येतो. डिझेल-पेट्रोल: किन्नौरात पोवारीला टाकी भरा, मग काझाला काठोकाठ. तिथून मनालीपर्यंत जवळजवळ २०० किलोमीटर पंपाची आशा धरायची नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पिते. रोकड न्या.

स्वयंपाकाचं एक. ४,००० मीटरवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ रात्रभर खदखदवली तरी दाताखाली लागते, मी खाल्लेली आहे. छोटा कुकर घ्या, किंवा सरळ मेतकूट, भडंग, पिठल्याचं पीठ आणि गावातल्या घरचं जेवण. ब्युटेनच्या छोट्या डब्यांचे स्टोव्ह गारठ्यात दगा देतात, शून्याच्या आसपास आतला गॅस वाफ व्हायचंच थांबतो. प्रोपेन मिसळलेले डबे घ्या. आणि स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही, शेगडी तर मुळीच नाही. गुदमरलेल्याला आपण गुदमरतोय हे कळत नाही. शेकोटीचं विसरा, तिकडे जे काही जळतं ते लोकांनी हिवाळ्यासाठी साठवलेलं असतं.

पैशांचं टीटीएमएम करू नका, गाडीगणिक डिझेल वेगळं आणि माणसागणिक जेवण वेगळं अशा हिशेबात दोस्ती जाते. माणशी वर्गणी आधी गोळा करा. एक कलम लिहून ठेवा: स्वतःच्या गाडीचं स्वतः मोडलं तर खर्च मालकाचा. दुसऱ्याला सोडवताना मोडलं तर खर्च वर्गणीतून.

आणि ऑगस्टमध्ये एक रात्र बाहेर काढा, पाचही गाड्या घेऊन. मुळशी किंवा भोरकडे ओळखीच्या कुणाच्या शेतात, त्यांना विचारून. कासच्या बाजूच्या सड्यांवर नको, त्या खडकावरच्या चार बोटं मातीत जे उगवतं ते चाकाखाली घालायला नाही. पाऊस असेल तर उत्तमच. तंबू अंधारात लावायचा आणि प्रत्येकाने आपल्या हाताने एक चाक काढून पुन्हा बसवायचं, क्रेटावाल्यानेही आणि विंचवाल्यानेही.

हे का सांगते? आठेक वर्षांपूर्वी कुंझुमखालच्या बातलच्या पुढे आमचं मागचं चाक बसलं. जॅक होता, स्टेपनी होती, पाना होता. चार नट निघाले, पाचवा फिरेना. त्या नटाला गोल तोंड होतं, चोराने चाक नेऊ नये म्हणून लावलेला व्हील लॉक. त्याची वेगळी चावी येते, बोटभर लांबीची. ती कोथरूडला होती, स्वयंपाकघरातल्या खणात, रबरबँड आणि गॅसच्या लायटरशेजारी. दोन दिवसांनी फोन लागला तेव्हा जाऊबाईंनी ती हातात धरून सांगितलं. आम्ही दोन तास नुसते त्या नटाकडे बघत होतो. मग एक ट्रकवाला थांबला. त्याने आपल्याकडचा एक जुना सॉकेट त्या गोल नटावर हातोडीने ठोकून बसवला आणि लांब पाइप लावून नट फिरवला. पैसे घेईना, भडंगाची पिशवी घेतली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक गाडीची ती चावी स्टेपनीच्या खाचेत चिकटपट्टीने लावलेली असते.

राहिलं तुमच्या दोस्ताचं. त्याला काय सांगायचं, कसं सांगायचं, थारवाला काय म्हणतो, हे सगळं तुम्ही लिहिलंत. क्रेटावाला स्वतः काय म्हणतो, ते पत्रात एका ओळीतही नाही. ग्रुपवर नको, चहाला बोलवा, वरचे नियम समोर ठेवा आणि विचारा. कदाचित तो म्हणेल, मी काझाहून परत फिरतो, बायकोलाही तेच बरं वाटेल. मग आईच्या गाडीला सोबत मिळाली, आणि तुम्ही तिघांनी मिळून किन्नौरकडूनच खाली यायचं, कुंझुमचं नावही काढायचं नाही.